नेटवर्क तपासायला अ‍ॅन्सिबल: वापरा, पण डिफॉल्टवर विसंबू नका

हिंजवडी-खराडीत बसून ढीगभर लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय. अ‍ॅन्सिबल म्हणजे एका मशीनवरून अनेक सर्व्हरवर एकदम कामं चालवणारं टूल. बहुतेक जण अ‍ॅन्सिबल घेतात ते बदल करायला, मी मुख्यतः तपासायलाच वापरतो आणि खरी मजा तिथेच आहे.

चार-पाच मशीन असतील तर बॅशचा (लिनक्सच्या कमांड लाइनचा) लूप पुरतो, उगाच जड टूल कशाला. फक्त होस्टची यादी ओळीओळीने वाचणाऱ्या व्हाइल रीडमध्ये एसएसएचला (दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायची कमांड) -n लावा, नाहीतर ते उरलेली होस्टची यादीच इनपुट म्हणून गिळतं आणि स्क्रिप्ट पहिल्याच सर्व्हरनंतर गुपचूप संपते. मशीन वाढली की मात्र शंभर आउटपुटमधून कोणाचा गेटवे (बाहेरच्या नेटवर्कला जायचा रस्ता) वेगळा आहे ते डोळे फोडून कोण शोधणार?

इथे अ‍ॅन्सिबल भारी आहे. सर्व्हरवर एजंट टाकायचा नाही, एसएसएच आणि पायथन असलं की झालं. फॅक्ट्समध्ये, म्हणजे ते प्रत्येक सर्व्हरची जी माहिती गोळा करतं त्यात, गेटवे, इंटरफेस, एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) आयतं मिळतं, त्यावर असर्टने (अट तपासणाऱ्या मॉड्यूलने) नियम लिहायचे, म्हणजे स्टोरेजच्या इंटरफेसवर एमटीयू 9000 नसेल तर तो सर्व्हर नापास. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फसारख्या (डीएनएस सर्व्हरची नोंद असलेल्या) फाइलींना टेम्प्लेट, म्हणजे हवा तसा नमुना, करा आणि चेक मोड (नुसती रंगीत तालीम), डिफ (फरक दाखवणं) दोन्ही लावून चालवा, काहीही न बदलता नेमकी कुठली ओळ वेगळी आहे ते दाखवतं, पैसा वसूल (तसं ते फुकटच आहे म्हणा).

पण इंटरफेसवर 9000 दिसलं म्हणून खूश होऊ नका, मधला स्विच 1500 वरच असेल तर मोठी पॅकेट जाणारच नाहीत आणि फॅक्ट्सना त्याचा पत्ताही नसतो. त्यासाठी प्रत्येक सर्व्हरवरून ping -M do -s 8972 (पॅकेट न तोडता पाठवणारा पिंग) मारायचा, वरचे 28 बाइट हेडरचे. आणि हा टास्क अ‍ॅन्सिबलच्या कमांड मॉड्यूलने (सर्व्हरवर दिलेली कमांड चालवणारा तयार भाग) लिहिलात तर चेक मोडमध्ये तो सरळ स्किप होतो, टास्कमध्ये check_mode: false लिहिलं तरच खरा चालतो. अ‍ॅन्सिबलचा स्वतःचा पिंग मॉड्यूल इथे कामाचा नाही बरं का, तो फक्त लॉगिन आणि पायथन चालतंय का एवढंच बघतो, नाव कोणी ठेवलं देव जाणे.

वेगाचं म्हणाल तर फोर्क्स डिफॉल्ट 5 आहेत, म्हणजे एका वेळी पाचच सर्व्हर. ते वाढवा आणि मगच स्लो आहे म्हणून बोंब मारा. यामलमधल्या (अ‍ॅन्सिबलचे टास्क ज्या फॉरमॅटमध्ये लिहायचे तो) स्पेसचा वैताग आहे तो आहेच.

5 पैकी 4 स्टार.