स्कूबाचा 'फुल सेट' आणि माझे 64,650 रुपये

पाण्याखाली श्वास घेत डाइव्ह करायचं, म्हणजे स्कूबाचं, जुनं सामान फोनवरून घेतलं. त्याचे आधी आकडे सांगतो. टोकन 5,000. मग 40,000. मग 'पॅकिंग झालंय, उरलेले टाका' म्हणून 18,500. वर ट्रॅव्हल्सच्या पार्सलचं भाडं 1,150, तेही माझ्याच माथी. एकूण 64,650. बदल्यात घरी आलं ते पिवळ्या रंगाचं भंगार.

'बेळगावात समुद्र कुठाय, तुला हवेची टाकी कशाला पायजे होती?' हे घरच्यांनी, मित्रांनी आणि पोलिसांनीही विचारून झालंय, तुम्ही विचारू नका. तारकर्लीला पाण्याखाली गेलो आणि वेड लागलं, एवढंच. आंबोली उतरलं की मालवण, चोर्ल्यातून गोवा, खाली मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट. पुण्याचे लोक एवढ्या लांबून येतात, आम्ही का जाऊ नये? ओपन वॉटर कोर्स करायचा ठरवला. हा कोर्स झाला की 18 मीटरपर्यंत उतरता येतं. त्याआधी काय काय घ्यावं याची चौकशी करताना हा माणूस भेटला.

भेटला म्हणजे फोनवर. इन्स्ट्रक्टर आहे, मालदीवला नोकरी लागलीय, सगळं विकून जातोय... पुढचं तुम्हाला पाठ आहे. खरं त्यानं माझी नस वेगळीच पकडली. मी बेळगावचा म्हटल्यावर म्हणाला, 'अरे, सीमाभागातले आपले लोक तुम्ही! तुम्हाला 72,000 चे 63,500 लावतो.' तिकडच्या माणसानं मराठीत असं 'आपले' म्हटलं की आम्ही विरघळतो, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. तेव्हा भाषेवर, गाववाल्या ओळखीवर एक रुपया कमी-जास्त करणारा विक्रेता दिसला की फोन ठेवा. मग त्यानं भाड्याच्या सामानाची किळस घातली. 'शंभर जणांनी चावलेला माउथपीस तोंडात घालणार काय?' आता कळतंय की माउथपीस सुटा मिळतो, चारपाचशे रुपयांत बदलता येतो. त्यासाठी अख्खा सेट कुणी घेत नाही.

आता तो व्हिडिओ कॉल. आठवला की अजून कानशिलं तापतात.

रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारा भाग, त्यानं कॅमेऱ्यासमोर धरला. टाकीला जोडलेला नव्हता. फर्स्ट स्टेजवर, म्हणजे टाकीला जोडायच्या टोकावर, काळी टोपी घट्ट आवळलेली, मला ती स्वच्छ दिसत होती. माउथपीस तोंडात घातला, छाती भरून श्वास ओढला आणि म्हणाला, 'बघा दादा, हवा कशी अलगद येते!' अरे बाबा, येते कुठून? टाकी नाही, तोंडावर टोपी घट्ट, मग हवा येते कुठून? अशा वेळी ओढलं तर काहीच यायला नको, गाल आत जायला पाहिजेत. हवा आली म्हणजे सेकंड स्टेजचा, तोंडाकडच्या भागाचा, पडदा नाहीतर उच्छ्वासाचा व्हॉल्व्ह गळतोय. वर जिथून हवा येते, खाली तिथूनच पाणी येतं. बिघाड माझ्या डोळ्यांदेखत दाखवला, त्याचंच कौतुक करून घेतलं, आणि मी वर 'मस्त!' म्हणालो.

मी इथल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक्सच्या कामाला आहे. ओ-रिंग, सील, 200 बारचा दाब हे आमचं रोजचं मीठ-भाकर. म्हणून तर मित्र पोट धरून हसतात. हसू देत. टेबलावर सामान असतं तर मी दोन मिनिटांत पकडलं असतं. रात्री दहाला, वीतभर स्क्रीनवर, समोरचा 'पुण्याचं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणून घाई करतोय, त्यात कोण टोपीकडे बघत बसतो? आणि तारकर्लीला पहिल्या डाइव्हला रेग्युलेटर तयार करूनच तोंडात देतात. टोपीची परीक्षा कोर्समध्ये शिकवतात, आणि कोर्स तर अजून व्हायचा होता. म्हणजे ज्याला काही माहीत नाही अशालाच हे लोक गाठतात.

टाकीचंही तेच. ताजा, चकचकीत पिवळा रंग. टाकीच्या खांद्यावर हायड्रो टेस्टची, म्हणजे पाण्याच्या दाबानं टाकी तपासल्याची, तारीख ठोकलेली असते, ही टेस्ट सहसा पाच वर्षांनी करतात. फोटो मी मागितला होता, नाही असं नाही. आला त्यात खांद्यावर रंगाचा इतका जाड थर की आकडे बुजलेले. 'नवीन रंग दिलाय, खरवडला की दिसतील.' पार्सल आल्यावर मी ते खरवडले. शेवटची टेस्ट 2009 ची.

मालवणला एका ओळखीच्या इन्स्ट्रक्टरकडे सगळं घेऊन गेलो. त्यानं फर्स्ट स्टेजची टोपी काढली आणि आतली बारीक जाळी माझ्या डोळ्यासमोर धरली. हिरवीगार. समुद्राचं पाणी आत जाऊन गंजलेली. बीसीडी, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायचं जाकीट, फुगवलं, टबात दाबलं, शिवणीतून बुडबुडे. टाकीला तर हातच लावला नाही. 'ही टाकी मी भरूचंय नाय,' एवढंच म्हणाला. फोटोत दिसलेला डाइव्ह कॉम्प्युटर, खोली आणि वेळ दाखवणारा, पार्सलमध्ये नव्हताच.

त्यानंच मग सांगितलं, नवशिक्यानं पहिला घ्यायचा तो फक्त मास्क. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकानं श्वास आत घ्या, हात सोडा. चिकटून राहिला तर तो तुमचा. पोहण्याचा गॉगल चालत नाही, त्यात नाक बाहेर राहतं, आणि 10 मीटरवर दाब दुप्पट होतो आणि नाकानं मास्कमध्ये हवा सोडावी लागते. काच टेम्पर्ड हवी. तीन-चार हजारांत काम होतं. पुढे फिन्स, वेटसूट. रेग्युलेटर आणि बीसीडी कोर्सनंतर, तेही जिथे सर्व्हिसिंग होतं तिथूनच. टाकी घेऊच नका, डाइव्हबरोबर सेंटरच देतं. श्वासाशी संबंध असलेली एकही वस्तू अनोळखी माणसाकडून जुनी घ्यायची नाही.

आता हद्दीची गंमत. बेळगावच्या ठाण्यात म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जावा. तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा, तेही सांगितलं. लिहून नेली, तर 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या. तिकडच्या ठाण्यात म्हणाले, पैसे बेळगावातून गेले, तिकडेच नोंदवा. 1956 पासून हद्दीचा वाद अंगवळणी पडलाय आमच्या, खरं चोरीच्या पैशालाही सीमाप्रश्न लागेल असं वाटलं नव्हतं! 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 कलमात लिहिलंय की दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यानं माहिती नोंदवून घ्यायची. कलमाचा कागद पुढे केला तर साहेब म्हणाले, 'वस्तू मिळाली ना? मग हे सिव्हिल मॅटर.' दुसरा एक जण टाकी बघून 'गॅसची काय हो?' म्हणून हसत होता. बँकेत वेगळं ऐकलं. पिन तुम्हीच टाकलात, मग व्यवहार तुमचाच. असं असेल तर फसवणुकीची तक्रार करायची तरी कुणी, ज्यानं पैसे घेतले त्यानं?

पैसे जाताच संशय आला तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनला लगेच फोन करा, तासाभरात पैसे गोठू शकतात. माझ्यासारखं पार्सल हातात पडल्यावर, आठवड्यांनी उजेड पडला तर तो मार्ग जवळजवळ बंद. राहतो ग्राहक आयोग. 2019 च्या कायद्यानं आपण राहतो तिथेच तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंत फी नाही. समोरचा धंदा म्हणून विकणारा आहे हे मात्र दाखवावं लागतं, त्यासाठी त्याच्या जुन्या जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी जमवलेत. वकील म्हणाले, सगळं ठीक, खरं नोटीस पाठवायला पत्ता लागतो. तेव्हा पैसे टाकण्याआधी विकणाऱ्याचं आधार आणि पत्ता मागून घ्या, नाही म्हणाला तर तिथेच सोडा. माझ्याकडे फक्त ट्रॅव्हल्सची पावती आहे. पाठवणाऱ्याच्या नावापुढे त्यावर निळ्या पेनानं लिहिलंय, 'सेल्फ'.