ग्लुटेन-फ्री मिक्सचा पुडा, मोदकाची पिठी आणि भिरंडेल

बाजारात मिळणारं ग्लुटेन-फ्री मिक्स घ्यावं का, असं ओळखीतले बरेच जण विचारतात. माझं उत्तर असं: केक करणार असाल तर जरूर घ्या. पारी लाटून थर पाडायची पेस्ट्री करणार असाल तर मोदकाच्या पिठीकडे वळा. घरात सीलिॲकचं माणूस असेल तर मात्र खालचं सगळं वाचूनच ठरवा, कारण तिथे चवीच्या आधी दुसरा प्रश्न येतो.

आमच्याकडे तो प्रश्न आहे. माझ्या पुतणीला सीलिॲक आहे. गहू, जव, राय या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. तिचा नवरा व्हीगन आहे, म्हणजे दूध, तूप, लोणी, मध, सगळं बंद. दोघं कोकणकन्या एक्स्प्रेसने कुडाळला उतरून वेंगुर्ल्याला घरी येईपर्यंत दहा वाजायला येतात. तेव्हा चहा-पोहे देऊन एक वाजता पुन्हा पानं मांडण्यापेक्षा मी एकच भरपेट न्याहारी मांडते. घावनं, आंबोळ्या, नारळाच्या रसातल्या खापरोळ्या, यांत गहूही नसतो आणि दूधही नसतं, त्यामुळे दोघं पोटभर जेवतात. पण पुतणीचा जीव लहानपणापासून बेकरीतल्या खारीत आणि पॅटिसात. निदान झाल्यापासून ते तिच्या ताटातून गेलं ते गेलंच. ते तिला परत मिळावं म्हणून मी हे शिकायला घेतलं.

आधी मिक्सबद्दल. मी दोन कंपन्यांचं आणलं. दोन्हींत तांदळाचं पीठ, बटाट्याचा आणि टॅपिओकाचा (साबुदाण्याच्या कंदाचा) स्टार्च आणि झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पावडर) हे मुख्य घटक. केळ्याचा केक, नारळाच्या दुधातले पॅनकेक, मफिन हे सगळं यातून छान होतं. पातळसर पीठ भांड्यात ओतायचं असलं की ग्लुटेनची उणीव फारशी भासत नाही, कारण बेकिंग पावडरने आलेले बुडबुडे धरून ठेवायला स्टार्च आणि गम पुरतात. पारी लाटायला घेतली की याची ताकद संपते. कडा चिरतात, दुमडताना घडीवर भेग पडते, आणि भाजून झाल्यावर दाताखाली बारीक रेतीसारखं कचकचतं. पीठ भिजवून अर्धा तास झाकून ठेवलं तर कचकच बरीच कमी होते. पाकिटावर ही सूचना छापायला हवी होती. शिवाय किंमत: माझ्या हिशेबाने हे घरच्या पिठीच्या चौपट पडतं.

विकत घेताना दोन गोष्टी पाहा. ग्लुटेन-फ्री लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम आहे. म्हणून पाकिटावर ते शब्द स्पष्ट हवेत; ‘गव्हाशिवाय’ किंवा ‘पौष्टिक’ यावर समाधान मानू नका. दुसरं, हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, व्हीगन नव्हे. एका मिक्समध्ये घटकांच्या यादीत शेवटी दुधाची पावडर होती आणि वर हिरवा ठिपका होताच. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत आणि त्यांचं चिन्हही वेगळं आहे, हिरवा व्ही. तो शोधा. नसेल तर यादी शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

आता पिठी. मोदकाची पिठी स्वस्त, बारीक आणि सुवासिक, सगळं खरं. पण ती दळली कुठे? गावातल्या गिरणीत आपल्या आधी कुणाचे तरी गहू दळलेले असतात आणि जात्याच्या फटीत ते पीठ उरतंच. आपल्याला त्याने काही होत नाही, सीलिॲकच्या माणसाला होतं. गिरणीवाल्याला ‘आधी माझे दोन किलो तांदूळ दळून फेकून द्या, मग माझं दळा’ असं सांगूनही खात्री देता येत नाही. म्हणून मी तांदूळ धुऊन सावलीत वाळवते आणि घरीच मिक्सरमध्ये दळते, आणि ते मिक्सरचं भांडं दुसऱ्या कशालाही वापरत नाही. पिठी मलमलच्या फडक्यातून चाळायची. हे करायला वेळ नसेल किंवा घरात वेगळं भांडं ठेवणं जमत नसेल, तर महागडा पुडाच घ्या. तुमच्या माणसासाठी तो वाजवी आहे. या एका गोष्टीत मिक्स माझ्या पिठीच्या पुढे आहे, आणि ही गोष्ट लहान नाही.

पारीचं गमक उकडीत आहे. गव्हाच्या पिठाला ताण देतं ते ग्लुटेन. तांदळात ते नाही, पण तांदळाचा स्टार्च उकळत्या पाण्यात फुगून चिकट होतो आणि पीठ वळायला लागतं. मोदकाची पारी त्याच जोरावर पातळ होते. मात्र सगळ्याच पिठाची उकड काढून भाजली तर पेस्ट्री चामट होते. म्हणून माझं प्रमाण असं बसलं आहे: एकूण १८० ग्रॅम पिठी. त्यातल्या ६० ग्रॅमची १२० मिली उकळत्या पाण्यात उकड काढायची, पाण्यात मीठ आणि दोन मोठे चमचे इसबगोल आधीच घालून. उरलेली १२० ग्रॅम पिठी, ४० ग्रॅम नाचणीचं पीठ आणि ४० ग्रॅम साबुदाण्याचं पीठ कोरडं एकत्र करायचं. त्यात ११० ग्रॅम थंड स्निग्ध पदार्थाचे वाटाण्याएवढे तुकडे बोटांनी चोळायचे, मग पूर्ण थंड झालेली उकड कुस्करून मिसळायची. कोरडं वाटलं तर चमचाभर गार नारळाचं दूध. अर्धा तास फ्रीजमध्ये. मग बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये लाटायचं, तीन पदरी घडी, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. माझ्या सासूबाईंनी उकड मळताना पाहिलं आणि म्हणाल्या, “ह्यां तर मोदकाचांच पीठ गो!” त्यांनी मग हाताला पाणी लावून अशी काही मळून दिली की घडीवर एकही चीर आली नाही. तो हात मला अजून आलेला नाही, पण उकड गार होईपर्यंत घाई केली नाही तर कुणालाही पारी जमते.

इसबगोल औषधाच्या दुकानात मिळतं. गुजरातेत उंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. साधी भुसीच घ्या. संत्र्याच्या वासाची, साखर घातलेली पावडर यात चालत नाही. या एका वस्तूसाठी मी पाचपैकी पाच देईन. पाणी धरून ठेवते, पारीला लवचीकपणा आणते, आणि झँथन गमसारखा बुळबुळीतपणा मागे ठेवत नाही.

आता स्निग्ध पदार्थ, कारण कोकणात पेस्ट्री बिघडते ती इथेच. थर सुटायला तेल पिठात विरघळून न जाता तुकड्यांच्या रूपात ओव्हनपर्यंत टिकलं पाहिजे. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे रात्रीसुद्धा पारा तेवढा उतरत नाही. फ्रीजमधून काढलेला गोळा दुसऱ्या घडीपर्यंत तेल होऊन ओट्यावर येतो. व्हीगन बटर मागवलं तर ते कुरियरमध्येच वितळून परत गोठलेलं, पाणी वेगळं झालेलं येतं. याला आमच्याच परसातलं उत्तर आहे: भिरंडेल. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर आलेला हा पांढुरका घट्ट गोळा इथे पायाच्या भेगांना लावतात, भातावरही घालतात. ते साधारण ४० अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून मे महिन्यातही कपाटात घट्ट राहतं. युरोपियन युनियनच्या नियमांत चॉकलेटमध्ये कोकोबटरसोबत ज्या सहा वनस्पतिजन्य स्निग्ध पदार्थांना परवानगी आहे, त्यांत कोकमाचं हे तेल आहे. आणि आपण ते टाचांपुरतं ठेवलं आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

नुसतं भिरंडेल घालू नका. ते तोंडाच्या उबेने पुरतं वितळत नाही आणि टाळूला मेणचट थर बसतो. एक भाग भिरंडेल, दोन भाग खोबरेल मंद आचेवर एकत्र वितळवा, फ्रीजमध्ये गोठवा, सुरीने चिरा. या मिश्रणाचे तुकडे दोन घड्या आरामात सोसतात. पहाटे काम केलंत तर तीन.

सारणात फार बोलण्यासारखं नाही, इथे काय पिकतं ते सर्वांना माहीत आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूंची कलमं आमच्याकडे आहेत. मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूंची सुकी उसळ भरून अर्धचंद्राकृती पॅटिस करते. फोडणीत हिंग घालताना सावध राहा: बाजारातल्या बऱ्याच बांधीव हिंगात मैदा असतो. पुतणीसाठी मी हिंग वगळते आणि लसूण जास्त घालते. गोडासाठी हापूसचा रस आटवून घट्ट करायचा, पारीवर आधी भाजलेल्या काजूची भरड पसरायची आणि मग रस, म्हणजे तळ ओला होत नाही. वरून अंड्याऐवजी नारळाच्या जाड दुधात किंचित गूळ विरघळवून ब्रशने लावा, तांबूस रंग येतो. २०० अंशांवर २५ मिनिटं. ओटीजी (घरगुती ओव्हन) आधी चांगला तापलेला हवा, नाहीतर तेल आधी गळतं आणि पारी नंतर भाजते.

जावयाने पहिलं पॅटिस मोडलं तेव्हा थर सुटून त्याच्या सदऱ्यावर पडले. पुतणी काही बोलली नाही, दुसरं उचललं, तिसरं उचललं, आणि मग म्हणाली, “काकू, जाताना बांधून दे.” मिक्सच्या पारीला तिने असं कधी म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यात एक अडचण येते आणि तिला मिक्सही उपाय नाही, पिठीही नाही. जुलैच्या हवेत भाजलेली पारी तासाभरात मऊ पडते. पाहुणे आल्यावरच भाजा. घड्या घातलेलं पीठ आदल्या रात्री फ्रीजमध्ये ठेवता येतं. उरलेली पेस्ट्री १६० अंशांवर पाच मिनिटं ठेवली की पुन्हा कुरकुरीत होते. वीज गेली तर जाड तव्यावर झाकण ठेवूनही चालतं, रंग फक्त एका बाजूला येतो.

भिरंडेल मी बचत गटातल्या बायकांकडून घेते. आठवडा बाजारातही गोळे मिळतात. घेताना नखाने थोडं खरवडून तळहातावर चोळा. वास जवळजवळ नसावा. खवट किंवा धुरकट वास आला तर तो गोळा टाचांसाठी घ्या, खाण्यासाठी दुसरा मागा. रंग अगदी पांढराशुभ्र नसला तरी हरकत नाही, पण आत बियांची काळी भुकटी दिसली तर घरी एकदा वितळवून फडक्यातून गाळून घ्या आणि मगच खोबरेलात मिसळा.