वायरवाला कंट्रोलर की वायरलेस? आधी बसता कुठे ते बघा

गेम खेळायचा कंट्रोलर घ्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला, वायरलेसला लॅग असतो (बटण दाबलं की स्क्रीनवर उशिरा दिसतं), डोळे झाकून वायरवाला घे. एकेकाळी ठीक होतं हे, आता निम्मंच खरं आहे. 60 एफपीएसच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंद असते आणि चांगला वायरलेस बहुतेक वेळा तेवढाही मागे पडत नाही. टीव्हीचा गेम मोड (चित्र दाखवायला होणारा उशीर कमी करणारं सेटिंग) बंद ठेवून कंट्रोलरच्या लॅगला शिव्या घालणारे लोक बघितले की मला हसूच येतं, अरे तुझा टीव्हीच त्याहून जास्त वेळ खातोय!

आणि वायर लावली म्हणजे फास्ट असंही सरसकट नाही बरं का. पोलिंग रेट, म्हणजे सेकंदाला किती वेळा कंट्रोलरचा अपडेट जातो तो आकडा, 125 हर्ट्झ असेल तर दोन अपडेटमध्ये 8 मिलिसेकंद जातात, 1000 हर्ट्झ असेल तर फक्त 1. त्यामुळे साधा वायरवाला एखाद्या चांगल्या डोंगलवाल्या (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) वायरलेसपेक्षा स्लो निघू शकतो.

वायरलेसमध्येही ब्लूटूथ वेगळं आणि 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल वेगळा, पीसीवर खेळणार असाल तर डोंगलवालाच बघा. फक्त तो यूएसबी 3.0 पोर्टला अगदी खेटून लावू नका, तिथला नॉइज याच बँडमध्ये येतो. माझा डोंगल पीसीच्या मागे हार्ड डिस्कच्या शेजारी होता, स्टिक सोडली तरी कॅरेक्टर आपला चालतोय चालतोय आणि जाऊन भिंतीला धडकतोय, मला वाटलं कंट्रोलर गेला. शेवटी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल पुढे आणला आणि सगळं गप्प. म्हणजे वायरलेससाठी वायर घ्यावी लागली, असो.

बॅटरी हा मात्र खरा मुद्दा. प्लेस्टेशन 5 च्या ड्युअलसेन्समध्ये 1560 एमएएचची बॅटरी आत बसवलेली असते, ती म्हातारी झाली की बदलायला कंट्रोलर उघडावा लागतो. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात, लोक नाक मुरडतात पण मला तेच आवडतं, रिचार्जेबलची एक जोडी बाजूला ठेवली की मिनिटभरात परत खेळ सुरू.

वायरवाल्याला चार्जिंगची कटकट नाही, हातात हलका लागतो, पण त्याचं मरण केबलमध्ये. माझ्या जुन्याची केबल कंट्रोलरच्या तोंडाशीच वाकून वाकून तुटत आली होती, टेप लावून एका ठराविक कोनात धरला तरच चालायचा आणि बॉस फाइटमध्ये जरा हात हलला की स्क्रीनवर डिसकनेक्टचा मेसेज. म्हणून केबल काढता येणारा मॉडेलच घ्या.

स्टिक ड्रिफ्टचा, म्हणजे स्टिक झिजून हात न लावताही हलल्यासारखी वागते त्याचा, यात संबंध नाही, पोटेन्शिओमीटरवाली (आतला भाग घासत चालणारी) स्टिक दोन्हीकडे झिजते, त्यासाठी हॉल इफेक्ट (चुंबकावर चालणारी) स्टिक बघा.

आता माझं मत. टेबलावर मॉनिटरसमोर खेळत असाल किंवा फायटिंग गेमच्या टूर्नामेंटला जाणार असाल तर वायरवाला. सोफ्यावरून टीव्हीवर खेळत असाल, मधून लहान पोरं पळत असतील, तर वायरलेस, केबलमध्ये पाय अडकून कन्सोलच खाली आला तर मग बसा. ठरतच नसेल तर केबल लावून चालणारा वायरलेस घ्या, पण केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलने काही होत नाही. आणि पीएस5 वर केबल लावली तरी तो आपोआप वायरवाला होत नाही, सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या कम्युनिकेशन मेथडमध्ये जाऊन यूएसबी निवडावं लागतं.