लिनक्सची तीन पुस्तकं, आठ महिन्यांनंतर

विंडोज सोडून उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आले त्याला आठ महिने झाले. सुरुवातीच्या हौसेत तीन पुस्तकं एकदम घेतली: पानोपानी रंगीत चित्रं असलेलं एक, हजारेक पानांचा एक ठोकळा आणि फक्त कमांड लाइनवरचं, म्हणजे टाइप करून संगणकाला हुकूम देण्यावरचं, एक बारीकसं. पहिल्याच आठवड्यात हे लिहायला बसले असते, तर रंगीत पुस्तकाला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

ते पुस्तक निघालं युनिटी डेस्कटॉपच्या, म्हणजे उबुंटूच्या जुन्या स्क्रीन-मांडणीच्या, काळातलं. उबुंटूने १७.१० पासून युनिटी सोडून ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप घेतला, त्यामुळे चित्रातलं बटण माझ्या स्क्रीनवर नव्हतंच. नवशिक्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय! एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. खरं तर मुखपृष्ठ बघूनच कळायला हवं होतं, कारण उबुंटूचा आवृत्ती क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना, १७.१० म्हणजे ऑक्टोबर २०१७.

ठोकळाही जुनाच. नेटवर्कचं प्रकरण आयएफकॉन्फिगने सुरू होतं. माझ्याकडे ती कमांड सापडलीच नाही, आता तिच्या जागी आयपी नावाची कमांड वापरतात. सर्व्हिस (मागे चालणारे प्रोग्रॅम) सुरू-बंद करायची रीतही सिस्टिमडी, म्हणजे त्या सांभाळणारी आताची व्यवस्था, यायच्या आधीची. मेल सर्व्हरची दीडशे पानं मी उघडलेली नाहीत, उघडणारही नाही. पण प्रोसेसवरचं, म्हणजे चालू प्रोग्रॅमवरचं, प्रकरण मात्र झकास. प्रोग्रॅम बंद करायच्या किल कमांडला १५ नंबरचा सिग्नल दिला तर प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळतो, ९ दिला तर मिळत नाही, हे तिथेच कळलं. तोवर मी सर्रास ९ मारत होते.

आता माझा पराक्रम. एक फाइल उघडेना. रंगीत पुस्तकात उपाय होता: ‘परवानगी ७७७ करा.’ मी तो अख्ख्या होम डिरेक्टरीला (माझ्या फाइलींच्या मुख्य फोल्डरला) लावला, आतल्या सगळ्या फाइलींसकट. दुसऱ्या दिवशी एसएसएचने (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्रॅम) माझी खासगी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारी फाइल, वापरायलाच नकार दिला: ही फाइल इतरांनाही वाचता येते, म्हणून चालणार नाही. बरोबरच होतं त्याचं.

हे निस्तरताना बारीक पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, यांची बेरीज म्हणजे तो आकडा. मालक, गट आणि बाकीचे यांना एकेक. एवढं कुठलंही पुस्तक सांगतं. पण डिरेक्टरीवर ‘चालवा’ म्हणजे काय? तर आत शिरायची मुभा. ‘वाचा’ दिलं आणि ‘चालवा’ दिलं नाही, तर आतल्या फाइलींची नावं दिसतात, फाइल उघडत नाही. आणि फाइल पुसायची परवानगी सहसा त्या फाइलवर नसतेच, ती जिच्यात आहे त्या डिरेक्टरीवर असते. मला हे दोनदा वाचावं लागलं. आता कुठलंही नवं पुस्तक हातात आलं की मी आधी परवानग्यांचं प्रकरण काढते आणि डिरेक्टरीबद्दल काय लिहिलंय ते बघते. तिथे गुळमुळीत असेल तर पुस्तक परत जागेवर.

बारीक पुस्तकाबद्दल तक्रारी आहेतच. इन्स्टॉल कसं करायचं, वायफाय चालत नसेल तर काय, यावर अवाक्षर नाही. भाषा रूक्ष. शिवाय झोपताना वाचायचं हे पुस्तक नाही. मी दोन आठवडे तसं वाचलं आणि काहीही डोक्यात राहिलं नाही. शेजारी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून प्रत्येक ओळ स्वतः टाइप करायला लागल्यावर गाडी हलली.

मॅन पानं, म्हणजे लिनक्समधलीच कमांडची माहितीपानं, फुकट असतात, मग पुस्तक कशाला, असं मला एकाने विचारलं होतं. मॅनमध्ये विभाग असतात. नुसतं मॅन पासवर्ड शोधलं की कमांडची माहिती येते, त्याच नावाच्या फाइलची हवी असेल तर मध्ये ५ लिहावं लागतं. (कमांडच्या नावात ‘पासवर्ड’ पूर्ण नाही, मधली दोन अक्षरं गाळली आहेत. का, ते त्यांनाच ठाऊक.) हे मला पुस्तकानेच शिकवलं.

सध्या बारीक पुस्तकातलं शेल स्क्रिप्टचं, म्हणजे कमांड एका फाइलीत लिहून एकदम चालवायचं, प्रकरण चालू आहे. चाळीस पानांना दोन महिने लागलेत.