मोठ्या अक्षरातली स्तोत्रसंहिता, आजीसाठी घेतली, चार महिन्यांनी लिहितेय

आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तिचं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, लग्नात मिळालेलं, अक्षर मुंगीएवढं, ते काही वाचता येईना. म्हणून नुसती स्तोत्रसंहिता (बायबलमधला स्तोत्रांचा भाग) मोठ्या अक्षरात कुठे मिळते का शोधत होते, ऑनलाइन एका सेलरकडे मिळाली, दीडशे रुपये. चार महिने रोज वापरात आहे, म्हणजे आजीच्या, मी आपली बाजूला बसून ऐकते.

अक्षर खरंच मोठं आहे, ह्यात फसवणूक नाही. कागद जाड, मागचं पुढे दिसत नाही (आख्ख्या बायबलचा कागद म्हणजे कांद्याची साल, एक पान उलटायला जावं तर तीन येतात). १५०च्या १५० स्तोत्रं आहेत आणि तरी वजन इतकं कमी की आडवं पडून छातीवर धरता येतं. आमच्याकडे हे महत्त्वाचं, कारण आजीची खरी प्रार्थना रात्री तीनला असते, गुडघे ठणकायला लागले की.

भाषांतर कुठलं आहे ते मात्र घेण्याआधी बघा. मी आधी दुसरी एक सोप्या मराठीतली आणली होती. आजीने २३वं स्तोत्र काढलं, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" इथपर्यंत गाडी सुरळीत, पुढे "मला काही उणे पडणार नाही" ऐवजी भलतंच काहीतरी. आजी थांबली, चष्मा वर केला, "हे कोणी बदललं गं? परत करून ये." तिला सगळं पाठ आहे, डोळे फक्त सोबतीला. मला स्वतःला सोपी भाषा चालते, "परात्पराच्या गुप्त स्थली" म्हणजे नक्की कुठे हे मला दहावीपर्यंत कळलेलं नव्हतं, पण कोरोनात घरात तिघं एकदम आडवे झाले तेव्हा ९१वं ती ह्याच शब्दांत म्हणत होती, त्यामुळे आता दुसऱ्या शब्दांत मला पण ते जमत नाही. ह्या पुस्तकात जुनंच भाषांतर आहे, पास.

सुरुवातीला एक पान दिलंय, कुठल्या वेळी कुठलं स्तोत्र. भीती वाटली तर २७, पश्चात्तापाला ५१, प्रवासाला निघताना १२१, उपकारस्तुतीला १०३. कल्पना चांगली पण ८८ त्यात कुठेच नाही. कळतं मला का ते, सुरुवातीपासून रडगाणं आणि शेवट पण अंधारातच, बाकीच्या बहुतेक तक्रारीच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी स्तुती येते, १३वं सुद्धा "कोठवर?" ने सुरू होऊन गाण्यावर संपतं, ह्यात तसं काहीच नाही. पण आजोबा गेले त्या वर्षी आजी १०३ला हातच लावत नव्हती, ८८च वाचायची, आणि वाचून झालं की पुस्तक बंद. मी एकदा म्हटलं, आजी जरा चांगलं काहीतरी वाच ना. तर म्हणे, "त्याच्याशीच भांडतेय ना मी, शेजारणीला जाऊन सांगतेय का?" त्या पानावर आता तिने पेनाने ८८ लिहून ठेवलंय, समोर प्रसंग काही लिहिलेला नाही.

आता तक्रारी. पहिली, १३६वं. २६ ओव्या आणि प्रत्येकीला "कारण त्याची दया सनातन आहे", चर्चमध्ये पाळक साहेब अर्धी ओळ वाचतात आणि मंडळी ही ओळ म्हणते, तीच तर मजा आहे. ह्या लोकांनी तीन वेळा पूर्ण छापून पुढे नुसतं "कारण..." आणि टिंबं. आजी म्हणाली, "दया छापायला शाई संपली का ह्यांची?" घरच्या प्रार्थनेत आम्ही टिंबांच्या जागी पूर्णच म्हणतो, पण लहान मुलांना वाचायला दिलं की ती अडकतात.

दुसरी, बाइंडिंग. शिवण नाही, नुसता गोंद. ११९वं १७६ ओव्यांचं आहे, हिब्रू अक्षरांप्रमाणे आठ-आठ ओव्यांचे २२ तुकडे, आलेफ, बेथ, गिमेल असे मथळे, आजी रोज एक तुकडा वाचते म्हणजे बावीस दिवस पुस्तक तिथेच उघडं. बाराव्या दिवशी, लामेदला, पान हातात आलं. सेलरला फोटो पाठवला तर रिटर्नची मुदत संपली म्हणे.

"सेला" शब्दाला खाली टीप हवी होती. स्तोत्रांमध्ये ७१ वेळा येतो आणि अर्थ कोणालाच पक्का माहीत नाही, संगीतातला विराम असावा असं म्हणतात, तेवढं छापलं असतं तरी चाललं असतं. आजी तिथे फक्त श्वास घेते.

पाचपैकी साडेतीन. अर्धा शाईचा कापला, एक गोंदाचा. तरी सोलापूरच्या मावशीसाठी दुसरी मागवलीय, ती आल्या आल्या आधी झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल मारून घेणार, मग पाठवणार.