वजनकाटा की टेप? शुगरचा धोका घरच्या घरी जोखताना

बॉर्डरलाइन शुगर, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावरची साखर, बहुतेकदा काहीच जाणवू देत नाही, त्यामुळे रक्त तपासायला जायचं कधी, हे अनेकजण अंगाच्या मापांवरून ठरवतात. पण माप कोणतं धरायचं?

बीएमआय सगळ्यांच्या ओळखीचा: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात, पाश्चात्त्य २५ आणि ३० इथे चालत नाहीत. तरीही चरबी किती आणि कुठे साठली आहे, ते बीएमआयला कळत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! बारीक दिसणाऱ्या मराठी माणसाने 'मला कुठे शुगर होणार' म्हणण्याआधी हे आकडे बघावेत.

म्हणून माझं मत टेपच्या बाजूने. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०, ही कमरेची मर्यादा. पॅन्टचा नंबर मात्र सांगू नका, पॅन्ट पोटाखाली बसते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा वर करून, श्वास सहज सोडल्यावर मोजा. पोट आत ओढून मोजायचं असेल तर न मोजलेलंच बरं.

बुटक्या माणसाच्या बाबतीत ९० चा आकडाही ढिला पडतो. तिथे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, हा नियम जास्त कामाचा. समजा उंची १६० सेंटिमीटर, वजन ५८ किलो, कंबर ८६. बीएमआय २२.७ म्हणजे पास, ९० च्या आत म्हणजे तिथेही पास, पण निम्मी उंची ८०, तिथे नापास. कंबर-नितंब गुणोत्तराच्या भानगडीत घरी पडू नये. दोन मापं घ्यायची म्हणजे चुकायलाही दोन जागा.

शिवाय माप वय आणि आईवडील विचारत नाही. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनचा 'इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर' ते विचारतो. वरचाच माणूस घ्या. वय ४२ म्हणून २० गुण, बैठं काम आणि व्यायाम शून्य म्हणून ३०, आईला मधुमेह म्हणून १०, कंबर ९० च्या आत म्हणून तिचे शून्य. झाले ६०, आणि ६० पासून धोका जास्त. निर्णय घ्यायचा तर मी याच बेरजेवर घेईन. यात कंबर येतेच.

आकडा वर गेला म्हणजे मधुमेह झाला असं नाही, लॅबमध्ये जायची वेळ झाली. उपाशीपोटी साखर १२६ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) किंवा एचबीए१सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, ६.५ टक्क्यांपासून पुढे असेल तर मधुमेह, तोही लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून पक्का करतात. १०० ते १२५ किंवा ५.७ ते ६.४ असेल तर बॉर्डरलाइन. अंगात रक्त कमी असेल तर एचबीए१सी फसवू शकतं, ते डॉक्टरांना आधीच सांगा.