पंपवाला चार-गॅस मीटर: एसटीपीवर आठ महिने वापरल्यानंतर

एसटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) कलेक्शन टँक, सोसायटीचे ड्रेनेज चेंबर आणि सांडपाण्याच्या पंपाची विहीर, अशा ठिकाणी माणूस उतरण्याआधी हवा तपासायला हा मीटर वापरला. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू (एलईएल, म्हणजे स्फोटाच्या किमान मर्यादेच्या किती टक्के वायू आहे ते), हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड असे चार सेन्सर, वर हवा ओढणारा पंप. सेन्सरबद्दल तक्रार नाही. फसवते ती खाली सोडायची नळी, आणि तीही आकडे छान दाखवून.

सोबत येणारी नळी आतून 3 मिमी, लांबी 10 मीटर. तिच्या पोटात साधारण 70 मिलि हवा मावते. पंप मिनिटाला 300 मिलि ओढतो, म्हणजे तळाची हवा मीटरपर्यंत यायला 14 सेकंद. आता हार्डवेअरच्या दुकानातली 6 मिमीची नळी जोडा: तेवढ्याच लांबीत 280 मिलि मावते आणि तोच प्रवास जवळजवळ मिनिटाचा होतो. पुढे सेन्सरचा आकडा स्थिर व्हायला आणखी 30 ते 60 सेकंद. नळी सोडून दहा सेकंदांत ‘सगळं झीरो आहे’ म्हणणारा माणूस वरचीच हवा वाचत असतो. मूळ नळीलाही प्रत्येक पातळीवर पुरती दोन मिनिटं द्यावीत. मिथेन हलका, हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड. म्हणून झाकणाखाली, मग दर सव्वा मीटरला थांबत तळापर्यंत. झाकण पूर्ण उघडण्याआधी फटीतून पहिलं रीडिंग घेतलं तर उत्तमच.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे सैल जोड. नळी मीटरला नीट बसली नाही किंवा जोडाशी चिरली, की पंप तिथूनच बाहेरची हवा ओढतो. स्क्रीनवर ऑक्सिजन स्वच्छ हवेसारखा 20.9 टक्के, बाकी तीन शून्य, अलार्म गप्प. इतकं सुंदर रीडिंग खरोखरच्या गटारात सहसा मिळत नाही! उपाय फुकटचा आहे: नळी पूर्ण जोडून तिच्या दुसऱ्या टोकावर बोट दाबायचं. काही सेकंदांत पंप ब्लॉक झाल्याचा अलार्म वाजला पाहिजे. पुष्कळ जण बोट मीटरच्या तोंडावर ठेवतात. त्यात पंप तपासला जातो, नळी नाही.

पाणी हा दुसरा शत्रू. टोकाला फ्लोट (पाण्यावर तरंगणारा तुकडा) नसेल तर नळी सांडपाण्यात बुडते, पंप ब्लॉक होतो. अशा वेळी बटण दाबून अलार्म बंद करून पुढे जाऊ नये. नळी वर काढून झटकावी, पाण्याचा फिल्टर बदलावा. ओला फिल्टर वाळवून परत बसवण्याची काटकसर पंपाच्या अंगाशी येते. आत थेंब राहिले तर हायड्रोजन सल्फाइड त्या पाण्यात विरघळतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसतो. साधी रबरी नळीही हा वायू शोषते. काम झाल्यावर मोकळ्या हवेत दोन-तीन मिनिटं पंप चालू ठेवला की नळी बरीच सुकते. पावसाळ्यात हे टाळलं तर दुसऱ्या दिवशी त्रास ठरलेला.

झीरो मारायचा, म्हणजे मीटरचं शून्य ठरवायचं, ते मोकळ्या हवेत. चेंबरच्या तोंडाशी किंवा चालू जनरेटरजवळ मारला, तर तिथला वायू मीटर शून्य धरतो. त्यानंतर रोज बम्प टेस्ट: चार वायूंच्या मिश्रणाचा सिलिंडर लावून सगळे अलार्म वाजतात का ते पाहणं. पंपवाल्या मीटरला डिमांड-फ्लो रेग्युलेटर (पंप ओढेल तेवढाच वायू सोडणारा) लागतो. ठरावीक प्रवाहाचा लावला की प्रवाह पंपाशी जुळत नाही आणि टेस्ट बिघडते. सिलिंडरची मुदतही बघावी, कारण त्यातला हायड्रोजन सल्फाइड काळानुसार कमी होत जातो. कॅलिब्रेशन (माहीत असलेल्या वायूवर आकडे जुळवून घेणं) सहा महिन्यांनी, पण बम्प टेस्टमध्ये एखादा सेन्सर ढेपाळला तर त्याच दिवशी.

आकडे वाचताना ऑक्सिजन आधी. एलईएलचा पेलिस्टर सेन्सर वायू जाळून मोजतो. पुरेसा ऑक्सिजन नसेल तर मिथेन भरलेला असूनही आकडा कमी येतो. ऑक्सिजनचा अलार्म 19.5 ला वाजतो म्हणून 20.4 ला निर्धास्त होऊ नका. दमट हवेने थोडा फरक पडतो हे खरं, पण अर्ध्या टक्क्याची घट दुसऱ्या वायूमुळे असेल तर त्याने हवेतली सुमारे 24,000 पीपीएम (दहा लाखांत 24,000 भाग) जागा घेतलेली असते. हायड्रोजन सल्फाइडचा अलार्म 10 पीपीएमला. शंभराच्या आसपास नाकाला वास येणंच बंद होतं, तेव्हा ‘वास गेला’ ही चांगली खूण नव्हे.

मीटरच्या आसपास सिलिकॉन स्प्रे मारू नये, पेलिस्टर मरतो. सॅनिटायझर लावलेल्या हाताने धरला तर कार्बन मोनॉक्साइडचा आकडा उगाच चढतो. पुसायला ओलं फडकं पुरे.

हा मीटर वर उभ्या माणसाचा. आत उतरणाऱ्याच्या छातीवर वेगळा, बिनपंपाचा डिटेक्टर हवाच, कारण गाळ ढवळला की दबलेला वायू एकदम सुटतो आणि दोन मिनिटांपूर्वीचं रीडिंग शिळं होतं. ब्लोअर, हार्नेस, ट्रायपॉड यांचं काम मीटर करत नाही. सुरक्षा साधनांविना गटारात माणूस उतरवणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, खिशात मीटर असला तरी.

विकत घेताना किमतीत रेग्युलेटर आणि फ्लोट धरलेत का ते विचारा; बहुधा नसतात. फिल्टर डझनभर घ्या, ओल्या जागी भराभर संपतात.